पडद्यावरची दोन भुते

भुताखेतांवर विज्ञानाचा विश्वास नाही हे तुम्हांला ठाऊकच आहे. तरीही ‘घोस्ट’ म्हणजे भूत हा शब्द अभियंते गेली कित्येक वर्षे वापरीत आले आहेत. हे भूत पिंपळावर राहत नाही. ते राहते पडद्यावर.

त्याचा जुना अवतार समजून घ्यायला वरळीसारखी जागा नाही. येथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. एकूण १२१ चाळी, तळमजला व वर तीन मजले, आणि एकेक खोली १६० चौरस फुटांची. जवळच दूरदर्शन केंद्र आहे आणि त्याचा ३०० मीटर उंच मनोरा. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. त्या काळी गच्चीवरची ॲन्टेना मनोऱ्याकडून सरळ येणारी लहर तर पकडीच; पण एखाद्या उंच इमारतीवर आपटून वळसा घेत आलेली तीच लहरही पकडी. ही दुसरी लहर किंचित उशिरा पोहोचे. मग निवेदिकेच्या उजव्या बाजूला तिचीच एक फिकी प्रतिमा उभी राही!

हे भूत किती अंतरावर दिसेल, याचे गणित सोपे आहे. समजा, वळशाची वाट ६०० मीटरने लांब आहे. प्रकाशाप्रमाणेच रेडिओलहरीही एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातात. म्हणजे उशीर झाला २ मायक्रोसेकंदांचा. त्या दूरचित्रवाणीत चित्राची एक ओळ डावीकडून उजवीकडे रेखाटण्यास ५२ मायक्रोसेकंद लागत. पडदा ४० सेंटिमीटर रुंद असेल, तर भूत सुमारे दीड सेंटिमीटर उजवीकडे सरकेल. ॲन्टेना थोडी फिरवली की ते पुष्कळदा नाहीसे होई, कारण दोष चित्रात नव्हता, लहरीच्या वाटेत होता.

आता ते प्रक्षेपण इतिहासजमा झाले आहे. चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घरोघरी संगणक आले, त्यावर खेळ आले, आणि भूतही नवे रूप घेऊन परतले. खेळातली मोटार वेगाने पळते आणि तिच्यामागे फिकी शेपटी दिसते. किंवा सारी मोटारच पुसट होते. मग मुले आईवडिलांकडे नव्या मॉनिटरचा हट्ट धरतात. खोक्यावर ‘१ मिलिसेकंद’ असे ठळक छापलेले असते आणि त्या आकड्यासाठी काही हजार रुपये जास्त मोजावे लागतात. हे पैसे कष्टाचे असतात. म्हणून ते मोजण्यापूर्वी या दोषाचे मूळ शोधणे शहाणपणाचे. मूळ एक नाही, दोन आहेत.

पहिले मूळ आहे पडद्याच्या द्रव-स्फटिकात. हा पदार्थ द्रवासारखा वाहतो, पण त्याचे रेणू स्फटिकासारखे शिस्तीत राहतात. १८८८ मध्ये फ्रीड्रिख रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो प्रथम आढळला. मॉनिटरच्या पडद्यावर लक्षावधी चित्रबिंदू असतात. त्यांनाच पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलमध्ये द्रव-स्फटिकाचा पातळ थर असतो. विद्युत्‌दाब बदलला की त्याचे रेणू वळतात आणि मागच्या दिव्याचा प्रकाश कमी-अधिक पुढे सोडतात. रेणूंना वळायला वेळ लागतो, कोठे २ मिलिसेकंद, कोठे १०, कोठे त्याहूनही जास्त. तेवढ्यात नवे चित्र आले, तर जुन्याचा अंश मागे रेंगाळतो. हेच ते शेपटीचे भूत. ‘व्हीए’ जातीच्या पडद्यांत काळ्या रंगाकडून गडद करड्याकडे होणारा बदल विशेष मंद असतो. म्हणून त्यांवर रात्रीच्या दृश्यात शेपटी अधिक जाणवते.

यावर उपाय असा, की सुरुवातीला गरजेपेक्षा जास्त दाब द्यायचा. भरलेली हातगाडी जागची हलवताना आपण आधी जोराचा रेटा देतो, तसेच हे. मॉनिटरमध्ये या सोयीला ‘ओव्हरड्राइव्ह’ म्हणतात. पण रेटा जास्त झाला तर गाडी पुढे निघून जाते. तसेच येथेही रंग हव्या त्या छटेच्या पलीकडे जातो आणि मोटारीमागे उजळ कडा दिसू लागते. ही झाली उलटी शेपटी! खोक्यावरचा १ मिलिसेकंद हा आकडा अनेकदा अशाच जोरदार रेट्याखाली मोजलेला असतो.

दुसरे मूळ अधिक गमतीचे आहे. समजा, रेणू क्षणार्धात वळले. तरीही पुसटपणा राहील! असे का व्हावे?

एक प्रयोग करा. वर्तमानपत्रातला मोठा मथळा हातात धरून डावीकडून उजवीकडे बेताच्या वेगाने न्या आणि नजरेने त्याचा पाठलाग करा. अक्षरे वाचता येतात. आता संगणकावर तेवढीच मोठी अक्षरे तेवढ्याच वेगाने सरकवा आणि तसाच पाठलाग करा. अक्षरे पुसट! डोळा तोच, वेग तोच. फरक एवढाच, की कागद अखंड सरकतो आणि पडद्यावरचे चित्र उड्या मारते. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर प्रत्येक चित्र एका सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद, जागच्या जागी थांबते. आपली नजर मात्र थांबत नाही, ती सरकतच राहते. त्यामुळे थांबलेले चित्र आपल्या दृष्टिपटलावर घासत जाते आणि फरफटल्यासारखे दिसते.

याचेही सूत्र सोपे आहे: पुसटपणा = वेग × चित्र उजळ राहण्याचा काळ. पडदा १९२० पिक्सेल रुंद आहे आणि मोटार तो २ सेकंदांत ओलांडते, असे माना. वेग झाला सेकंदाला ९६० पिक्सेल. मग ६० हर्ट्झला पुसटपणा १६ पिक्सेल, १२० हर्ट्झला ८, आणि २४० हर्ट्झला ४. चोवीस इंची मॉनिटरवर १६ पिक्सेल म्हणजे जवळजवळ साडेचार मिलिमीटर. ओएलईडी पडद्याचे पिक्सेल द्रव-स्फटिकांपेक्षा कितीतरी चपळ असतात. पण ६० हर्ट्झवर चालवल्यास हा पुसटपणा त्यांनाही चुकत नाही.

जुन्या काचनळीच्या दूरचित्रवाणीत प्रत्येक बिंदू क्षणभर चमकून विझे. म्हणून तिच्यावर हालचाल स्वच्छ दिसे. हीच युक्ती आता काही मॉनिटर वापरतात. मागचा दिवा प्रत्येक चित्रागणिक क्षणभरच लावतात. पुसटपणा घटतो, पण पडदा अंधुक होतो आणि काहींच्या डोळ्यांना ती लुकलुक सोसत नाही. फुकटचे काहीच मिळत नाही, हा निसर्गाचा नियम येथेही लागू!

आता या दोन भुतांना वेगळे कसे ओळखायचे? मोबाइल टेबलावर स्थिर ठेवा, कॅमेऱ्याचा उघडझापीचा काळ एक सहस्रांश सेकंद ठरवा आणि पडद्यावर पळणाऱ्या आकृतीची पाच-सहा छायाचित्रे घ्या. कॅमेरा आकृतीचा पाठलाग करीत नाही. त्यामुळे नजरेच्या फरफटीचा प्रश्न उरत नाही. बहुतेक छायाचित्रांत शेपटी असेल, तर दोष द्रव-स्फटिकाचा. ओव्हरड्राइव्ह मधल्या पायरीवर आणून पहा. छायाचित्रे स्वच्छ आणि डोळ्यांना मात्र पुसट दिसत असेल, तर दोष चित्राच्या थांबण्याचा. तेथे खोक्यावरचा १ मिलिसेकंद काही कामाचा नाही, अधिक हर्ट्झ हवेत. पण संगणकाला सेकंदाला ६० चित्रेच तयार करता येत असतील, तर १४४ हर्ट्झच्या मॉनिटरचा पुरा लाभ मिळणार नाही, हेही ध्यानात ठेवा.

आणि सर्वांत स्वस्त उपाय: घरातल्या मॉनिटरला १४४ हर्ट्झ झेपत असूनही संगणकाच्या सेटिंगमध्ये ६० च ठरलेले असते, असे पुष्कळदा आढळते. दुकानाची पायरी चढण्यापूर्वी तो आकडा पहा. कदाचित एक पैसाही न खर्चता निम्म्याहून अधिक भूत उतरेल.

जाता जाता एक उदाहरण तुमच्यासाठी. तीच मोटार तोच पडदा १ सेकंदात ओलांडते. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर पुसटपणा किती पिक्सेल होईल? आणि मागचा दिवा प्रत्येक चित्रासाठी फक्त १ मिलिसेकंद लावला, तर किती? उत्तरे काढा आणि वर्गात शिक्षकांना दाखवा.