बसणाऱ्याच्या बळावर चालणारा झोपाळा

श्रावणात नागपंचमीच्या सुमारास गावोगाव झाडांच्या फांद्यांना झोके बांधले जातात आणि मुली कोणाच्याही मदतीवाचून ते इतके उंच चढवितात की, पाहणाऱ्याच्या छातीत धडकी भरावी. हाच झोका लोखंडी चौकटीच्या रूपाने आता पुष्कळ प्राथमिक शाळांच्या आवारात आलेला आहे. बहुतेक मुले त्यावर आपल्याच बळाने झोके घेतात. परंतु ज्या मुलाच्या पायांत शक्ती नाही, किंवा ज्याला कमरेतून मागेपुढे झुकता येत नाही, ते मूल झोपाळ्यावर बसविले तरी झोपाळा जागचा हलत नाही. कोणी ढकलील तेव्हाच त्याला झोका मिळावयाचा. आणि ढकलणारा सवंगडी पाचदहा वेळा ढकलून लगोरीकडे पळतो, त्यात त्याचाही फारसा दोष नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा अशा मुलांना शिक्षणाबरोबरच खेळ व मनोरंजन यांचीही इतरांच्या बरोबरीने संधी मिळावी, असे सांगतो. ढकलून मिळालेला झोका आणि स्वतः घेतलेला झोका यांतील अंतर मुलाला पुरते कळते. यास्तव, ज्याचे केवळ हात धड आहेत अशा मुलालाही स्वतः सुरू करता येईल, चालू ठेवता येईल व थांबविता येईल असा झोपाळा कसा रचावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. गावातील लोहार किंवा वेल्डिंगवाला तो करू शकेल.

रचनेकडे वळण्यापूर्वी, धडधाकट मूल झोका कसा चढविते हे नीट पाहिले पाहिजे. जमिनीला पाय न लावता, कशालाही न रेटता मूल वर वर जाते, हे वरकरणी नवलाचेच आहे. उभ्याने झोका घेणारी मुलगी दोन्ही टोकांना गुडघे वाकवून खाली बसते आणि झोका मध्यावरून, म्हणजे सर्वांत खालून, जात असता ताठ उभी राहते. मध्यावर वेग सर्वाधिक असल्यामुळे तेथे अंगावर वजनाखेरीज वर्तुळगतीचा ताणही पडतो. त्या दोहोंविरुद्ध शरीर वर उचलावयाचे म्हणजे पायांच्या स्नायूंना पुष्कळ कार्य करावे लागते. टोकाला मात्र खाली बसताना तेवढे परत जात नाही. उचलताना दिलेले अधिक आणि बसताना गेलेले उणे यांची जी वजाबाकी, ती झोक्याच्या ऊर्जेत जमा होते. बसून झोका घेणारे मूल पुढे जाताना पाय लांबवून पाठ मागे टाकते आणि मागे येताना पाय दुमडून पुढे झुकते. तेथे हे काम शरीराच्या मागेपुढे होण्याने साधते. पूर्व युरोपातील एस्टोनिया देशात १९९३ च्या सुमारास या कलेचा एक स्वतंत्र क्रीडाप्रकारच निघाला. त्यात दोरीऐवजी ताठ लोखंडी दांडे असतात, पाय पट्ट्यांनी बांधलेले असतात आणि खेळाडू निव्वळ उठाबशांच्या बळावर आडव्या दांड्यावरून पूर्ण वर्तुळ फिरतो.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. झोक्यात जी ऊर्जा येते ती बसणाऱ्याच्या स्नायूंतून येते, यंत्रातून नव्हे. आणि ती केव्हा दिली जाते यालाच सारे महत्त्व आहे. पाय व कंबर काम देत नसतील तर तेच काम हातांकडून योग्य वेळी करून घेणे, एवढीच आपली यांत्रिक समस्या आहे.

आता काम किती, ते मोजू. आसन आडव्या दांड्यापासून अडीच मीटर खाली आहे, मुलाचे वजन २५ किलो आहे आणि झोका दोन्ही बाजूंना ३० अंशांपर्यंत जातो असे धरू. टोकाला आसन मध्यापेक्षा सुमारे ३३ सेंटिमीटर उंच जाते. तेथे साठलेली ऊर्जा सुमारे ८२ ज्यूल भरते आणि मध्यावरचा वेग सेकंदास अडीच मीटरांच्या किंचित वर असतो. हवेचा विरोध आणि कड्यांचे घर्षण यांमुळे प्रत्येक झोक्यास यातील काही भाग नष्ट होतो. किती, हे मापण्यास उपकरण लागत नाही. झोपाळा एका कोनापर्यंत नेऊन सोडावा आणि कोन निम्मा होईपर्यंत किती झोके होतात ते मोजावे. कोन निम्मा झाला की ऊर्जा चतुर्थांश उरते. तेव्हा कोन निम्मा होण्यास १४ झोके लागले, तर दर झोक्यास सुमारे दशांश ऊर्जा जाते असे समजावे. आपल्या उदाहरणात ती ८ ज्यूल होय. म्हणजे दर झोक्यास ८ ज्यूल पुरविले की झोका ३० अंशांवर टिकून राहील. तीन किलोहून कमी वजन ३० सेंटिमीटर उचलण्याइतकेच हे काम आहे. कड्या गंजलेल्या असतील आणि ७ झोक्यांतच कोन निम्मा होत असेल, तर श्रम जवळजवळ दुप्पट पडतील. तेलाच्या कुपीचे मोल येथे कळते.

काम थोडे आहे. अडचण आहे ती वेळेची. अडीच मीटरच्या झोपाळ्यास जाऊन परत येण्यास सुमारे ३.२ सेकंद लागतात. वर पहिलीचे मूल बसो वा सातवीचे, हा काल वजनाने बदलत नाही. तो लांबीवर अवलंबून असतो. लंबकाचा हा गुण ओळखून हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६५६ साली लंबकाचे घड्याळ सिद्ध केले. त्या घड्याळातही लंबकाला दर हेलकाव्यास एक लहानसा धक्का मिळतो, पण तो धक्का केव्हा द्यावा हे लंबकाची स्वतःची गतीच ठरविते. आपल्या झोपाळ्याची रचना याच धर्तीची हवी: हात केव्हा चालावयाचा हे झोक्याने सांगावे, हाताने झोक्याला सांगू नये.

सायकलीचे पायंडे, साखळी व दंतचक्रे बसवून ‘यांत्रिक झोपाळा’ करण्याची कल्पना पुष्कळांना सुचते. पायाऐवजी हाताने फिरवावयाची मूठ लावली म्हणजे दिव्यांग मुलाचीही सोय होईल, असा त्यांचा तर्क असतो. माझ्या मते हा मार्ग टाकून द्यावा. गोल फिरणारी मूठ मूल आपल्या लयीने फिरविणार, आणि झोक्याची लय तर ३.२ सेकंदांची ठरलेली. दोन्ही जुळल्या नाहीत तर एक ढकल झोक्याला साहाय्य करील आणि पुढची त्याच्या विरुद्ध जाईल. मूठ व झोपाळा दांड्याने पक्के जोडले तर झोक्याचा कोन कायमचा ठरून जातो आणि पहिल्याच फेरीत मुलाला संपूर्ण वजन ३० अंश वर चढवावे लागते. ते त्याच्याने होणार नाही. शिवाय दंतचक्रांत बोटे सापडण्याचे भय असते. दंतचक्रे ऊर्जा निर्माण करीत नाहीत, उलट थोडी खातात, हेही विसरू नये.

याहून उत्तम युक्ती आपल्या घरांतच आहे. बाळाला निजविणारी आई पाळण्याची दोरी ओढते ती पाळणा आपल्याकडे येत असताना, आणि तो परत जाऊ लागला की दोरी सैल सोडते. झोपाळ्यावर बसणारी वृद्ध माणसेही समोरच्या खुंटीला दोरी बांधून तीच बसल्या बसल्या ओढतात. येथे ओढणारा व हलणारा एकच झाला. परंतु खुंटी आसनासमोर असली तर एक अडचण येते. मंद हेलकाव्याला ती चालते. मोठ्या झोक्यात मात्र आसन अडीच मीटर मागेपुढे जाते आणि मुलाचा हात पोहोचतो जेमतेम ३० ते ४० सेंटिमीटर. दोरी एक तर ढिली पडेल, नाही तर हाताला हिसका देईल.

उपाय असा की, खुंटी समोर न ठेवता वर न्यावी. ज्या आडव्या दांड्याला झोपाळा टांगला आहे, त्या दांड्याच्या मध्यातून पुढच्या दिशेस ३० सेंटिमीटर लांबीचा एक मजबूत लोखंडी बाहू काढावा. तो चौकटीला पक्का जोडलेला असावा. झोपाळ्याबरोबर हलता कामा नये. बाहूच्या टोकाला सुती दोरी बांधून तिचे खालचे टोक मुलाच्या छातीसमोर येऊ द्यावे व त्याला वीतभर लांबीची आडवी लाकडी मूठ बसवावी. झोपाळा मागच्या टोकाला असता बाहूच्या टोकापासून मुलापर्यंतचे अंतर सर्वाधिक असते आणि पुढे येताना ते कमी होत जाते. ३० अंश मागपासून ३० अंश पुढपर्यंत ही घट जवळजवळ ३० सेंटिमीटर, म्हणजे बाहूच्या लांबीइतकीच भरते. अडीच मीटरची धाव अशा रीतीने हाताच्या सहज आवाक्यात आली. मागच्या टोकाला हात लांब झालेले असतात. झोका पुढे येऊ लागला की, आड ओढताना ओढावी तशी मूठ छातीकडे खाली ओढावयाची. परत मागे जाताना हात सैल सोडावयाचे. कळ, चक्र, साखळी काही नाही.

आकड्यांनी पडताळून पाहू. ३० सेंटिमीटर ओढीत ८ ज्यूल द्यावयाचे म्हणजे सुमारे पावणेतीन किलो वजनाइतकी ओढ पुरे. मुलाने चार किलोची ओढ दिली तर स्थिर झोपाळा प्रथम अंशभरच, म्हणजे आसनाशी सुमारे पाच सेंटिमीटर, सरकेल. हे पाहून शिक्षकाने निराश होऊ नये व मुलाला होऊ देऊ नये. प्रत्येक योग्य ओढीने कोनात सुमारे दोन अंशांची भर पडते, घर्षणामुळे त्यातून थोडी वजा होत जाते, आणि वीस-बावीस झोक्यांत झोका ३० अंशांना पोहोचतो. वेळ लागतो सवा मिनिट. आरंभी शिक्षकाने शेजारी उभे राहून ‘ओढ’ आणि ‘सोड’ एवढेच दोन शब्द तालावर म्हणावेत; ढकलू मात्र नये. मोह होतो, पण एकदा ढकलले की मूल पुन्हा ढकलण्याचीच वाट पाहते.

थांबविण्याची सोयही याच दोरीत आहे. पुढे येताना सैल सोडून मागे जाताना ओढ धरली, तर तीच ओढ झोक्यातील ऊर्जा काढून घेते आणि झोपाळा हळूहळू शांत होतो. ज्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत, किंवा टेकून उपयोग नाही, त्याच्या दृष्टीने हा गुण सर्वांत मोलाचा आहे. थांबविणे आधी शिकवावे, चढविणे नंतर. दोरीची लांबी अशी ठेवावी की, ३० अंश मागे असता त्या मुलाचे हात पुरते लांबलेले असावेत. त्याहून अधिक झोका चढू लागला की दोरी कमी पडून ओढ उलटी लागते, आणि झोक्याला आपोआप आळा बसतो. मूल बदलले की दोरी पुन्हा बेतावी.

आसन साध्या फळीचे नसावे. त्याला पाठ, दोन्ही बाजूंस हात व कमरेला पट्टा हवा, आणि ते जमिनीपासून सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीवर असावे, म्हणजे चाकांच्या खुर्चीवरून सरकून बसता येते. टांगण्यास साखळीपेक्षा ताठ नळ बरे. मूल ओढताना आसन पिळवटत नाही. दोरीला कोठेही फास अथवा मोकळा वेढा ठेवू नये व खालचा हातभर भाग प्लॅस्टिकच्या नळीतून ओवावा, म्हणजे ती गळ्याभोवती वेढली जाणार नाही. दोरीऐवजी ताठ दांडा लावण्याची सूचना कोणी करील. तो तोंडावर आपटतो, म्हणून नको.

चौकटीच्या बळाबाबत काटकसर करू नये. ३० अंशांच्या झोक्यात मध्यावर दांड्यावर पडणारा भार स्थिर वजनाच्या सव्वापट होतो, ६० अंशांत दुप्पट. झोपाळा कोणासाठीही केलेला असो, सुटीत गावातील मोठी मुले दोघे दोघे त्यावर उभी राहणारच. म्हणून वापरापूर्वी ५० किलोची वाळूची पाच पोती आसनावर टांगून रात्रभर ठेवावीत व सकाळी सांधे, वेल्डिंग आणि खांबांचे पाये तपासावेत. आडवा दांडा जमिनीपासून जेवढा उंच, त्याच्या दुप्पट जागा पुढे व तितकीच मागे मोकळी असावी. खाली फूटभर वाळू असणे चांगले. परंतु वाळूत चाकांची खुर्ची रुतते, म्हणून एका बाजूने आसनापर्यंत दाबून बसविलेली वाट किंवा रबरी चटई ठेवावी लागेल.

हा झोपाळा केवळ एका मुलासाठी राखून ठेवू नये. सर्वांनी त्यावर आळीपाळीने बसावे. वरच्या वर्गांना त्यावर दोलनाचा पाठ देता येतो: वेगवेगळ्या वजनाच्या मुलांसह दहा झोक्यांचा काल घड्याळावर मोजून घ्यावा, तो प्रत्येक वेळी ३२ सेकंदांच्या आसपास येतो. कोन निम्मा होईपर्यंतच्या झोक्यांची संख्या दर महिन्यास त्याच विद्यार्थ्यांकडून मोजवून वहीत नोंदवावी. ती संख्या घटू लागली की कड्यांना वंगण द्यावे, आणि वंगण देऊनही वाढली नाही तर झोपाळा बंद ठेवून कड्या उतरवून पाहाव्यात, कारण कडी झिजल्याची ती पहिली खूण असू शकते. दोरी दर पावसाळ्यानंतर नवी बांधावी.