भाषांचं नातं आणि भाषांचा शेजार
लेखांक ६

भाषांची कुळं म्हणजे काय, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. दोन भाषा ताडून पाहायच्या तर नेमकं काय ताडायचं? यासाठी मराठीबरोबर आणखी तीन भाषा घेऊ: नेदरलँड्समधली डच, पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमधल्या मोसी लोकांची मोरे, आणि आपल्या आमगाव-सालेकसा पट्ट्यातली गोंडी.

आधी डच. या भाषेत एका आकड्याचा उच्चार चक्क ‘तीन’ असा होतो, पण त्याचा अर्थ आहे दहा! केवळ कानावर विसंबलो तर इथेच फसगत होते. सुटा एखादा शब्द सारखा निघाला म्हणून नातं सिद्ध होत नाही. शोधायचा असतो तो नियम. डचमध्ये दोनला ‘त्वे’, दहाला ‘तीन’ आणि दाताला ‘तांत’ म्हणतात. आपल्याकडे जिथे ‘द’ आहे तिथे त्यांच्याकडे ओळीने ‘त’ येतो. तसंच पाचला ‘वेइफ’ आणि पावलाला ‘वूत’. आपल्या ‘प’च्या जागी तिकडे ‘व’ किंवा ‘फ’ला जवळचा ध्वनी. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने १८१८ मध्ये आणि जर्मनीच्या याकोब ग्रिमने १८२२ मध्ये युरोपातल्या भाषांमधले असे ध्वनिबदल सूत्रबद्ध केले. या नियमितपणामुळेच डच आणि मराठी एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या आहेत, असं आपण ठामपणे सांगू शकतो.

आता मोरे. ही नायजर-काँगो कुळाच्या गुर शाखेतली भाषा. डचशी तिचं कुळाचं काहीही नातं नाही. मोरेत सुरांच्या चढउतारानं शब्दाचा अर्थ बदलतो, डचमध्ये तसं होत नाही. मोरेत नामांचे वर्ग असतात आणि वर्ग कोणता ते शब्दाच्या शेवटच्या प्रत्ययावरून कळतं. मोसी समाजातला एक माणूस ‘मोआगा’, अनेक माणसं ‘मोसे’ आणि त्यांची भाषा ‘मोरे’: मूळ एकच, प्रत्यय तीन. आणि तरीही साध्या विधानात डच आणि मोरे दोन्ही भाषा कर्त्यामागून क्रियापद आणि मग कर्म ठेवतात. डचची नातलग असलेली मराठी मात्र क्रियापद शेवटी नेते. म्हणजे वाक्यातला शब्दक्रम जुळला म्हणून कूळ एक ठरत नाही, आणि क्रम वेगळा निघाला म्हणून नातं तुटतही नाही.

आता घराजवळ येऊ. आमगावहून रेल्वेनं पूर्वेकडे निघालं की सालेकसा, दरेकसा लागतं. त्याच मुलखात कचारगड आहे. माघ पौर्णिमेच्या यात्रेला अनेक राज्यांतून गोंड समाज तिथे लोटतो, आणि गोंडी सहज कानावर पडते. गोंडीत एक ते पाच मोजायचे तर: उंदी, रंड, मूंद, नालुंग, सैयुंग. शेजारी तेलुगू ठेवा: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, अइदु. दोन, तीन, चारचं साम्य लपत नाही. गोंडी द्राविड कुळातली आहे. तिची लिंगव्यवस्थाही वेगळी आहे. मराठीत तो आला, ती आली, ते आलं. गोंडीत पुरुषासाठी ‘वातोर’, तर बाई, जनावर आणि वस्तू या सगळ्यांसाठी ‘वाता’. आपण तीन लिंगं मानतो, तिथे दोनच.

पण इथेच या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट हाती लागते. मराठीत ‘आम्ही निघतो’ म्हटलं की ऐकणारा मागे राहतो. ‘आपण निघू’ म्हटलं की तोही सोबत येतो. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा फरक नाही. तेलुगूत तो आहे: ‘मेमु’ आणि ‘मनमु’. ‘तो येतो म्हणून म्हणाला’ या वाक्यात आपण बोलण्याच्या क्रियेचंच रूप जोडशब्दासारखं वापरतो. तेलुगूही ‘अनि’ तसंच वापरते. भाषाशास्त्रज्ञ मरी एमेनो यांनी १९५६ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात भारत हे एक ‘भाषिक क्षेत्र’ आहे असं मांडलं. वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा शतकानुशतकं एकत्र नांदल्या की एकमेकींच्या सवयी उचलतात. डच आपली दूरची भाऊबंद; गोंडी आणि तेलुगू पिढ्यान् पिढ्यांच्या शेजारणी. नातं कुळातून कळतं, शेजार वाक्याच्या घडणीतून कळतो.

आमगावच्या मातीत इंडो-युरोपीय आणि द्राविड हे दोन्ही प्रवाह आहेत. महाकवी भवभूतीच्या घराण्याचं पद्मपूर ते आमगावजवळचंच, असं संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडलं. आमगावातलं महाविद्यालय आजही भवभूतीचं नाव चालवतं. संस्कृतची ही थोर परंपरा, तिच्या भोवती झाडीबोली, पोवारी, छत्तीसगढी, हलबी, आणि तितक्याच हक्कानं गोंडी. म्हणून गोंडीला मराठीची बोली म्हणणं मला मान्य नाही. ती स्वतंत्र व्याकरणाची, स्वतंत्र कुळाची भाषा आहे. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे ३० लाख लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. घरी गोंडी बोलणाऱ्या मुलाचं मराठी चुकतं तेव्हा ते ‘अशुद्ध’ बोलत नसतं. ‘ती आली’ की ‘ते आलं’ या गोंधळामागे त्याच्या भाषेचं पक्कं व्याकरण असू शकतं. शिक्षकाला एवढं ठाऊक असलं तरी त्या मुलाचं शाळेतलं पहिलं वर्ष सोपं होईल.

तुम्हालाही ही तुलना करता येईल. बाजार, कचेरी, शाळेतले शब्द घेऊ नका. ते उसने फिरतात. शरीराचे अवयव, पाणी, विस्तव, आकडे, ‘मी’ आणि ‘तू’ यांसाठीचे शब्द घ्या. गावातल्या जाणत्या गोंडी बोलणाऱ्यांना विचारा, त्यांच्यासमोरच लिहून घ्या आणि उच्चार त्यांच्याकडून तपासून घ्या. मग मराठी आणि तेलुगू शब्द शेजारी मांडा.

पुढच्या लेखात हलबी. भारताच्या भाषिक सर्वेक्षणात ग्रीअर्सन यांनी तिला मराठीच्या खंडात ठेवलं, पण तिच्यात छत्तीसगढी आणि ओडियाच्या खुणाही स्पष्ट दिसतात. अशा भाषेचं कूळ कसं ठरवायचं, ते पाहू.