तीन रात्री, सहा आकडे: शाळकरी मुले लघुग्रहाची कक्षा कशी काढतात?

'२०२४ वायआर४' आठवतोय? डिसेंबर २०२४ मध्ये सापडलेला हा लघुग्रह २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता नासाच्या हिशेबात १८ फेब्रुवारी २०२५ रोजी ३.१ टक्क्यांवर गेली होती. संभाव्य पट्ट्यात दक्षिण आशियाही होता. आठवडाभरातच धोका जवळपास शून्यावर आला. लघुग्रहाने वाट बदलली नव्हती. निरीक्षणे वाढली आणि कक्षेचे गणित पक्के झाले.

हे गणित अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला जमू शकते. अमेरिकेतील 'समर सायन्स प्रोग्रॅम'मध्ये शाळकरी मुले १९५९ पासून ते करत आली आहेत.

कक्षा सहा आकड्यांनी ठरते: लंबवर्तुळ किती मोठे, किती चपटे, कसे कललेले (यासाठी तीन कोन) आणि लघुग्रह त्यावर कधी कुठे. एका फोटोतून मात्र दोनच कोन मिळतात, म्हणजे फक्त दिशा. अंतर कळत नाही. म्हणून वेगवेगळ्या तीन रात्रींचे फोटो. तीन दुणे सहा. त्यात आपली पृथ्वीही फिरतेय. धावत्या एसटीतून दुसरी धावती गाडी तीनदा दिसावी आणि तेवढ्यावरून तिचा रस्ता सांगावा, तसा हा प्रकार. १८०१ मध्ये सूर्याच्या उजेडात हरवलेल्या सेरेसचा रस्ता २४ वर्षांच्या गाऊसने असाच काढला आणि वर्ष संपता संपता सेरेस पुन्हा सापडला.

तिन्ही फोटो फार जवळजवळचे असतील तर उत्तर डळमळते. क्रिकेटच्या डीआरएससारखेच: टप्पा आणि पॅड यांत अंतर कमी असेल, तर चेंडूच्या पुढच्या रेषेवर भरवसा कमी.

खाप्यासारख्या गावातल्या शाळेला यासाठी दुर्बीण घ्यावी लागत नाही. 'इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबरेशन' नोंदणी केलेल्या गटांना हवाईतील पॅन-स्टार्स दुर्बिणीचे फोटो मोफत देते. मुले 'ॲस्ट्रोमेट्रिका' सॉफ्टवेअरवर सरकणारा ठिपका शोधतात, त्याची जागा मोजतात. लागतो विंडोजचा कॉम्प्युटर, इंटरनेट आणि वेळ देणारा शिक्षक. (तिसरी गोष्ट सर्वांत दुर्मीळ.) २०२० मध्ये सुरतच्या दहावीच्या दोन मुलींनी याच मोहिमेत एक लघुग्रह टिपला होता.

'विद्यार्थ्याने लघुग्रह शोधला' अशी बातमी आली, तरी ती नोंद सुरुवातीला प्राथमिकच असते. मोजमापे मायनर प्लॅनेट सेंटरकडे जातात, इतर वेधशाळा तो ठिपका पुन्हा गाठतात. कक्षा पक्की व्हायला बऱ्याचदा काही वर्षे जातात. क्रमांक आणि नाव त्यानंतर.