भुकटीत पुरलेली पाती

कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकतो. पांढरा धूर उठतो, तांब्यावरचा काळा थर सुटतो आणि त्यावर कथील झरझर पसरतं. हाच नवसागर जेट इंजिनाच्या टर्बाइनची पाती वाचवायलाही वापरतात. तिथे मात्र त्याच्याकडे पृष्ठभाग साफ करण्यापलीकडचं काम असतं: एका धातूला वायुरूपात दुसऱ्या धातूपर्यंत पोचवायचं.

या प्रक्रियेला पॅक सिमेंटेशन म्हणतात. कृती अगदी साधी वाटते. उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूच्या पेटीत ॲल्युमिनियमची भुकटी, थोडा नवसागर आणि बाकी ॲल्युमिनाची पूड भरायची. ॲल्युमिना क्रियेत भाग घेत नाही. धातूचे कण चिकटून गोळा होऊ नयेत, एवढ्यासाठीच तो असतो. या मिश्रणात पातं पुरायचं, आरगॉन किंवा हायड्रोजन सोडून हवा घालवायची आणि ७०० ते ११०० अंश सेल्सिअसवर काही तास तापवायचं. नवसागरातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतात. क्लोराइड ॲल्युमिनियमशी संयोग पावून वाफ होतं, ती पात्यापर्यंत जाते, तिथे ॲल्युमिनियम उतरवते आणि क्लोराइड पुढच्या खेपेला मोकळं होतं. त्यामुळेच इतका थोडा नवसागर पुरतो. उतरलेलं ॲल्युमिनियम पात्यातल्या निकेलमध्ये मुरतं आणि दोघांचं संयुग तयार होतं. हा थर वरून फासलेला नसून पात्याच्याच धातूतून घडलेला असतो. जाडी जेमतेम ५० ते ७५ मायक्रॉन.

कल्पना जुनी आहे. लोखंडाच्या कांबी कोळशाच्या पुडीत दडपून दिवसच्या दिवस तापवायच्या आणि पोलाद करायचं, हे अठराव्या शतकात इंग्लंडात सर्रास चाले. १९००च्या सुमारास शेरार्ड काउपर-कोल्स याने कार्बनच्या जागी जस्त घेतलं. पुढच्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये व्हॅन ॲलर याने ॲल्युमिनियम आणि नवसागराची जोडी जमवली.

विमान इंजिनांना तिची गरज मात्र उशिरा पडली. १९४०च्या दशकातल्या निमोनिक ८० या मिश्रधातूत शेकडा २०च्या आसपास क्रोमियम होतं, त्याच्या जोरावर तो ऑक्सिडेशनला तोंड देई. पुढे ताकद वाढवण्यासाठी क्रोमियम कमी करावं लागलं. आयएन-१०० या नंतरच्या मिश्रधातूत ते शेकडा १०च्या घरात आलं. पाती बळकट झाली, पण उघडी पडली. मग संरक्षण बाहेरून देण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

हे संरक्षण नेमकं करतं काय? भट्टीइतक्या तप्त वायूत थरातलं ॲल्युमिनियम ऑक्सिजनशी मिळून ॲल्युमिनाची पातळ, घट्ट साय धरतं. इंजिन सुरू-बंद होताना साय आणि धातू सारख्या प्रमाणात फुगत-आकसत नाहीत, त्यामुळे ती तडकते, कपचे उडतात. खाली साठा असेपर्यंत नवी साय धरते. पण हा साठा दोन्हीकडून संपत जातो: वर ऑक्सिजन खातो, आत मूळ मिश्रधातू ओढून घेतो. शिवाय हे संयुग थंडीत ठिसूळ असतं. १९७१ साली गोवर्ड आणि बून यांनी दाखवलं, की भुकटीत ॲल्युमिनियमचा जोर जास्त असेल तर ते आत शिरतं. जोर कमी आणि तापमान जास्त असेल तर उलट निकेल बाहेर येतं. थराचा स्वभाव त्यावर ठरतो. मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

खारी हवा हे वेगळंच दुखणं. समुद्राच्या मिठाचा इंधनातल्या गंधकाशी संयोग होऊन सोडियम सल्फेट बनतं. ते ८८४ अंशांना वितळतं आणि ऑक्साइडची साय पोखरतं. किनाऱ्यावरच्या वायू-टर्बाइनांना, मग ती उरणची असोत की दाभोळची, हवा गाळूनच घ्यावी लागते. आधी प्लॅटिनमचा मुलामा देऊन मग ॲल्युमिनियम मुरवलेला थर जास्त टिकतो. हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण खात्याच्या धातुशास्त्र प्रयोगशाळेत त्यावर बरंच काम झालं आहे.

पुडीत पुरण्याचे तोटे उघड आहेत. धूळ उडते, वापरलेल्या पुडीची विल्हेवाट लावावी लागते, पृष्ठभागात कण अडकतात, पातं थंड ठेवणाऱ्या हवेची बारीक छिद्रं बुजतात. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी पाती पुडीच्या वर टांगतात किंवा वाफ बाहेरून सोडतात. रसायन मात्र तेच.

थर संपला की आम्लाने उतरवून नवा देता येतो, पण दर खेपेला पात्याचा थोडा मूळ धातूही जातो. म्हणून दुरुस्तीला आलेल्या पात्याची भिंत आधी मोजतात. ठरलेल्या जाडीपेक्षा ती कमी भरली, तर पातं सरळ भंगारात जातं.