जयराजदेवी: थोरल्या बहिणीने लिहिलेले राणीचे चरित्र

बाराव्या शतकातील ख्मेर साम्राज्याची, म्हणजे आजच्या कंबोडियाची, राणी जयराजदेवी हिचे आयुष्य आपल्याला ज्ञात आहे ते मुख्यतः एका संस्कृत शिलालेखामुळे. अंगकोर थोम या राजधानीतील राजवाड्याच्या आवारात फिमेआनाकास नावाचे मंदिर टप्प्याटप्प्यांनी उंचावत गेले आहे. तेथे सापडलेला हा लेख राणीच्या थोरल्या बहिणीने, इंद्रदेवीने, स्वतः रचला. राजघराण्याची कीर्ती गाणाऱ्या अशा लेखाला प्रशस्ती म्हणतात, त्यामुळे त्यातील स्तुती जपूनच वाचावी लागते. तरीही विदुषी बहिणीने बहिणीचे चरित्र शुद्ध संस्कृत काव्यात गुंफावे, ही त्या काळातील असामान्य गोष्ट होय.

जयराजदेवीचा पती पुढे सातवा जयवर्मन म्हणून विख्यात झाला, परंतु राज्यावर येण्यापूर्वीच तो चंपा या आजच्या मध्य व्हिएतनाममधील राज्यावर मोहिमेसाठी गेला होता. त्याच्या अनुपस्थितीत त्रिभुवनादित्य नावाच्या बंडखोराने अंगकोरचे सिंहासन बळकावले, आणि जयवर्मन परतला तोपर्यंत फार उशीर झाला होता.

विरहाच्या या काळात जयराजदेवीने प्रथम ब्राह्मणी परंपरेतील खडतर व्रते आचरली. पुढे इंद्रदेवीने तिला बौद्ध धर्माची दीक्षा दिली आणि एका विधीच्या फळाने दूरदेशीच्या पतीची मूर्ती तिला समोर दिसू लागली, असे लेख सांगतो. ही हकिकत शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही, मात्र दुःखाने खचलेल्या धाकट्या बहिणीला थोरलीने धर्माचा आधार दिला, एवढे त्यातून निश्चित जाणवते. पती परतल्यावर तिने दानधर्म वाढवला. आयांनी टाकून दिलेल्या मुलींना तिने आपल्या लेकी मानले, त्यांना भिक्षुणीसंघात आणले आणि बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांवर, म्हणजे जातकांवर, आधारलेले नाट्यप्रयोग त्यांच्याकडून करवून घेतले. तिच्या साऱ्या पुण्यकर्मांत हे सर्वांत हृद्य वाटते, कारण निराधार मुलींना त्यातून आश्रय, विद्या आणि कला एकत्रच लाभल्या.

११७७ मध्ये चंपाच्या सैन्याने अंगकोर लुटले. शत्रूला हुसकावून ११८१ मध्ये जयवर्मनने राज्याभिषेक करवून घेतला. त्याने महायान बौद्ध धर्माला राजाश्रय दिला आणि राज्यभर रुग्णालये चालवली, ज्यांची संख्या ता प्रोह्म मंदिराच्या ११८६ च्या लेखात १०२ दिली आहे. राजाच्या या धर्मनिष्ठेत दोन्ही बहिणींचा वाटा मोठा असावा, असे मानण्यास आधार आहे. प्रेआह खान मंदिरातील, आता पॅरिसच्या गिमे संग्रहालयात असलेली, गुडघे टेकून बसलेल्या स्त्रीची मूर्ती जयराजदेवीचीच असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

जयराजदेवीच्या मृत्यूनंतर राजाने इंद्रदेवीला पट्टराणीपद दिले. ज्ञानात तत्त्ववेत्त्यांनाही मागे टाकणारी म्हणून वर्णिलेली ही राणी बौद्ध विहारात मुख्य अध्यापिका झाली आणि तेथे स्त्रियांना शिकवू लागली.