ट्रेकिंग पोल : सांध्यांची सोय, सांध्यांची भीती
डोंगरवाटेची तयारी : लेखांक ६

मागच्या लेखात बुटांचे तळवे पाहिले. आता हातात काय धरायचं ते पाहू. लांबी कमी-जास्त करता येणारे ट्रेकिंग पोल हल्ली प्रत्येक गडाच्या पायथ्याशी दिसतात. ते घ्यावेत का?

चढताना छाती भरून येते, पण गुडघे कुरकुरतात ते उतरताना. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी १९९९ साली २५ अंशांच्या उतारावर केलेल्या मोजमापांत, दोन काठ्या वापरल्यावर गुडघ्याच्या सांध्यावरचा भार १२ ते २५ टक्क्यांनी घटलेला आढळला. अर्थात हे फुकट मिळत नाही. दंडांना काम पडतं, त्यामुळे एकूण खर्च होणारी ऊर्जा काही कमी होत नाही.

लांबीचा हिशेब सोपा आहे. सपाटीवर मूठ धरल्यावर कोपर काटकोनात यावं. चढावर पाच-दहा सेंटिमीटर कमी करायची, उतारावर तेवढीच वाढवायची. पण राजगड-तोरण्याच्या धारेसारख्या सतत चढउताराच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी कोण थांबणार? तिथे मूठ जरा खाली धरून भागवलं जातं. एक लांब चढ आणि एक लांब उतार असलेल्या ट्रेकला मात्र माथ्यावर एकदा लांबी बदलली की पुरतं.

मग पोलच्या सांध्यांचा खरा उपयोग कशात? काठी आटोपती घेण्यात. हरिहरच्या कातळपायऱ्यांवर खोबण्यांत बोटं रुतवावी लागतात, कळसूबाईच्या शिड्यांवर कठडा धरावा लागतो. तिथे हातातली काठी ही अडचणच. मिटवलेला पोल सॅकच्या बाजूला बांधता येतो; गावातून घेतलेला बांबू खालीच सोडावा लागतो.

बांबूला मात्र सांधे नसतात, म्हणून तो आपोआप आखूडही होत नाही. फिरवून घट्ट करायच्या पोलमध्ये पाणी किंवा बारीक माती शिरली की पकड सैल होते आणि घसाऱ्यावर नेमका भार टाकताना काठी आत सरकते. बाहेरून दाबून बसवायच्या खटक्याचं तसं नाही. तो बसला की नाही हे डोळ्यांना दिसतं आणि सैल वाटला तर स्क्रूने आवळता येतो. कार्बनचा पोल हलका असतो, पण दगडांच्या फटीत अडकून आडवा ताण आला तर तुटतो. ॲल्युमिनियमचा शक्यतो वाकतो आणि वाकूनही घरापर्यंत साथ देतो.

टोकाचंही पाहा. धातूचं टोक मातीत रुततं, कातळावर घसरतं. कोरड्या दगडावर रबरी टोपी लावा. गडाच्या जुन्या पायऱ्यांवर ओरखडेही पडत नाहीत. शेवाळलेल्या कातळावर दोन्हींचा भरवसा नको. अरुंद वाटेवर मनगट पट्ट्यातून बाहेर काढा, म्हणजे काठी अडकली तरी हात तिच्यासोबत ओढला जाणार नाही.

पावसाळी ट्रेकहून आल्यावर नळ्या सुट्या करून रात्रभर वाळवा. तेल चुकूनही घालू नका, पकड सुटते.

थोडक्यात, गुडघे दुखत असतील, पाठीवर मुक्कामाचं ओझं असेल किंवा उतार लांबलचक असेल, तर खटक्याची ॲल्युमिनियमची जोडी घ्या. वाट मुख्यतः कातळारोहणाची असेल तर ते पैसे चांगल्या बुटांत घाला.

पुढच्या आठवड्यात : सॅक कशी भरावी?