करार आणि त्याला लागू होणारा देशाचा कायदा

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस :
• ‘करार’ व ‘संविदा’ या संज्ञांतील भेद सांगता येईल.
• कराराच्या प्रकारानुसार कोणत्या देशाचा कायदा लागू होतो, हे स्पष्ट करता येईल.
• कराराच्या मसुद्यातील ‘लागू कायदा’ व ‘न्यायालयाचे अधिकारक्षेत्र’ ही कलमे वेगवेगळी ओळखता येतील.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, व्यावहारिक मराठीचा अभ्यास करताना आपण अर्ज, पत्र, अहवाल यांची भाषा पाहिली. कराराची भाषा यांहून वेगळी आहे. तिच्यातील एखादे वाक्य गाळले गेले, तर त्याची जागा कायदा भरून काढतो. मग प्रश्न उरतो तो असा, की हा कायदा कोणत्या देशाचा?

प्रथम संज्ञा पाहू. ‘करार’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. ‘संविदा’ हा संस्कृत शब्द कायद्याच्या मराठीने स्वीकारला. बोलण्यात आपण दोन्हींसाठी ‘करार’च म्हणतो. १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमानुसार मात्र कायद्याने अंमलात आणता येणारा करार म्हणजे संविदा. अंमलात कोणत्या कायद्याने आणायचा, हा प्रश्न या व्याख्येतच दडलेला आहे.

आपल्या परिसराची पूर्वपीठिका

हा प्रश्न दूरदेशीचा आहे असे समजू नका. आजचा हिंगोली जिल्हा (स्थापना १ मे १९९९) पूर्वी परभणी जिल्ह्याचा, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि बऱ्याच भागात पैनगंगा ही दोन राजवटींमधील सीमा ठरली. अलीकडे संस्थानाचे कायदे व न्यायालये, पलीकडे इंग्रजी प्रशासनाचे. नाणेही निराळे होते. येथे हाली रुपया, तेथे कलदार. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार.

समजा, १९३० साली हिंगोलीच्या एका व्यापाऱ्याने वाशीमच्या अडत्याशी कापसाचा सौदा केला आणि कागदावर केवळ ‘रुपये शंभर’ असे लिहिले. शंभर हाली की शंभर कलदार? शंभर कलदार रुपयांचे ११६ हाली रुपये, १० आणे, ८ पै होत. म्हणजे एका विशेषणाच्या अभावी सोळा रुपयांहून अधिक रकमेचा वाद उभा राही. माल कोठे द्यायचा, पैसे कोठे चुकते करायचे, सौदा कोठे ठरला, हे पाहूनच त्याचा निर्णय करावा लागे.

संस्थान भारतात विलीन झाल्यावर १ एप्रिल १९५१ पासून भारतीय संविदा अधिनियम येथे लागू झाला. तथापि, जुन्या कायद्याखाली आधीच निर्माण झालेले हक्क व दायित्वे अबाधित राखण्यात आली. कायदा बदलला म्हणून पूर्वीची देणी बुडाली नाहीत.

सर्वसाधारण तत्त्व

आंतरराष्ट्रीय करारांबाबत भारतीय न्यायालये तीन पायऱ्यांनी विचार करतात. पक्षांनी स्पष्ट शब्दांत कायदा निवडला असेल, तर तो लागू होतो. तसे नसेल, तर मजकूर व परिस्थितीवरून त्यांचा उद्देश शोधला जातो. तोही उमगत नसेल, तर कराराचा सर्वांत निकटचा व खरा संबंध ज्या देशाशी आहे, त्याचा कायदा लावला जातो. नॅशनल थर्मल पॉवर कॉर्पोरेशन विरुद्ध सिंगर कंपनी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये हे तत्त्व विशद केले. निवड प्रामाणिक असावी आणि सार्वजनिक धोरणाविरुद्ध नसावी, ही मर्यादाही तेथे सांगितली आहे.

कराराचे प्रकार

(अ) मालविक्री : वसमतच्या हळदीचा निर्यातदार हॅम्बुर्गच्या खरेदीदारास माल विकतो आणि करारात कायद्याचा उल्लेख नाही, असे समजा. जर्मन न्यायालय युरोपीय संघाच्या नियमानुसार सामान्यतः विक्रेत्याच्या देशाचा, म्हणजे भारताचा कायदा लावील. मालविक्रीविषयीच्या १९८० च्या व्हिएन्ना करारात भारत सहभागी नसल्याने येथे १९३० चा मालविक्री अधिनियम महत्त्वाचा ठरतो.

(आ) स्थावर मालमत्ता : कळमनुरीतील शेताचा मालक अमेरिकेत राहत असला, तरी त्या शेताच्या हस्तांतरणास भारतीय कायदाच लागू होतो. जमीन जेथे, कायदा तेथला.

(इ) नोकरी : दुबईत काम करण्याचा करार हिंगोलीत सही झाला, तरी वेतन, कामाचे तास, नोकरी संपवणे यांबाबत प्रामुख्याने कामाच्या ठिकाणचा कामगार कायदा लागतो. करार ज्या भाषेत आहे ती आपणांस येत नसेल, तर सही करण्यापूर्वी त्याचा अनुवाद अवश्य मिळवावा. घर व दागिने गहाण ठेवून परदेशी जाणाऱ्यास पगाराचा आकडा तोंडी सांगितला जातो. न्यायालयापुढे मात्र कागद बोलतो.

(ई) हुंडी व धनादेश : परदेशी धनादेश किंवा वचनचिठ्ठी काढणाऱ्याचे दायित्व, उलट करार नसल्यास, ती जेथे काढली तेथील कायद्याने ठरते, स्वीकारणाऱ्याचे व पृष्ठांकन करणाऱ्याचे दायित्व ती जेथे देय असेल तेथील कायद्याने ठरते. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ मध्ये ही तरतूद आहे.

एक महत्त्वाचा भेद

‘या करारास भारतीय कायदा लागू राहील’ आणि ‘वाद हिंगोली येथील न्यायालयात चालेल’ ही दोन स्वतंत्र वाक्ये आहेत. पहिले निकष सांगते, दुसरे स्थळ. परदेशी न्यायालय भारतीय कायदा लावू शकते, तसेच भारतीय न्यायालय परदेशी कायदा लावू शकते. मात्र परकीय कायदा येथील न्यायाधीशास ठाऊक आहे असे गृहीत धरले जात नाही; तो तज्ज्ञाच्या मतासारख्या पुराव्याने सिद्ध करावा लागतो. हा खर्च कोणावर पडेल, याचा विचार मसुदा करतानाच केलेला बरा.

सारांश

पक्षांची स्पष्ट निवड, सूचित उद्देश आणि निकटतम संबंध हा विचाराचा क्रम आहे. जमीन व नोकरी या प्रकारांत स्थळाचे वजन अधिक असते. म्हणून कोणताही करार वाचताना पक्ष, स्थळ, चलन, लागू कायदा आणि न्यायालय या पाच बाबी प्रथम अधोरेखित कराव्यात.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘करार’ व ‘संविदा’ यांतील भेद सोदाहरण लिहा.
२. ‘रुपये शंभर’ या उदाहरणातील संदिग्धता कोणते शब्द योजून दूर झाली असती?
३. हळद निर्यातीच्या करारासाठी लागू कायद्याचे व अधिकारक्षेत्राचे प्रत्येकी एक कलम सुबोध मराठीत लिहा.